सायकलवरून ओरेस्तेच्या फाटकापर्यंत

बुधवार, ४ मे

ही वही माझ्या द्राक्षबागेच्या फवारणीच्या नोंदींसाठी आहे. सहकारी संघ दर वर्षी देतो. आजपासून मागच्या पानांवर इतरही लिहिणार. या घरात कोणाशी बोलून उपयोग नाही.

आज बारा सायकली आल्या. गोठ्यात उभ्या केल्या. याच गोठ्यात माझ्या वडिलांचे बैल असायचे. बैलांचा वास परवडला, हा नव्या रबराचा वास नाकातून जात नाही. जेवणाला चव लागली नाही.

नोएमी, म्हणजे माझी मुलगी, वय चौतीस, तोरिनोतली बँकेची नोकरी सोडून गावी आलीय. परदेशी लोकांना डोंगरात चालवायच्या सायकली भाड्याने देणार आणि द्राक्षबागांमधून फिरवणार. चढ चढायला माणसं विमानाने येतात. आम्ही पिढ्यान् पिढ्या या चढांना शिव्या घालत आलो.

तरी बाप आहे. मदत करणार. ठरलं : वाटाड्या मीच. मोंचेरेत्तोच्या टेकड्या माझ्याइतक्या कोणाला माहीत आहेत?

अडचण एकच. सान रोक्कोच्या देवळापासून जंगलातून उतरणारी वाट खाली ओरेस्तेच्या टेकडीवर निघते. त्याच्या बागेतून गेलं नाही तर थेट डांबरी रस्ता आणि सिमेंटचे ट्रक. ओरेस्ते माझा शेजारी. त्याच्याशी मी एकोणीस वर्षं बोललेलो नाही. त्याने बांधावरचा दगड सरकवला होता.

नोएमीला म्हणालो, परवानगीचं माझ्यावर सोड, दोन वाक्यांचं काम आहे. ती जरा वेळ माझ्याकडे बघत राहिली, मग बरं म्हणाली. डेल्फीना काहीच बोलली नाही. बायको काही बोलली नाही की मला जास्त राग येतो.

शुक्रवार, ६ मे, सकाळी ६

पहिली फेरी. लहानपणी मी शाळेत सायकलने जायचो. चार किलोमीटर, सगळा चढ. (डेल्फीना म्हणते, शाळा खालच्या अंगाला होती.)

सकाळी ६.२०

पडलो. दोष सायकलचा. डाव्या हाताचा ब्रेक पुढचं चाक धरतो, हे कोणी सांगितलं नव्हतं. नोएमी म्हणते, दोनदा सांगितलं. एकदा सांगितलं असतं तर लक्षात राहिलं असतं.

शेणखताच्या ढिगात पडलो, म्हणून लागलं नाही. तोंड उघडं होतं. त्याबद्दल लिहीत नाही.

सायकलची चड्डी घालून पाहिली. काळी, तंग, आणि बुडाखाली गादी शिवलेली. असली वस्तू शोधून काढणाऱ्याला लाज कशी वाटली नाही? आरशात पाहिलं, तर वाटलं लंगोट बांधलेलं बाळ, वय त्रेसष्ट. डेल्फीनाने एकदा बघितलं आणि ती कपडे वाळत घालायला बाहेर गेली. पाठमोरी होती. खांदे हलत होते. खोकला असावा.

बुधवार, ११ मे

सान रोक्कोपर्यंत चढलो. पूर्ण.

म्हणजे शेवटचा अर्धा चढ उतरून चाललो, कारण पानांवर डावणी रोग आलाय का ते बघायचं होतं. सायकलवरून पानांची खालची बाजू दिसत नाही. डावणी नव्हती. तरी प्रत्येक ओळीपाशी थांबलो. शेतकऱ्याने हलगर्जीपणा करू नये.

हेल्मेटच्या आत घाम साचतो आणि ब्रेक दाबला की सगळा एकदम डोळ्यांत येतो. चवही घ्यावी लागते. शी.

परत येताना बारवर थांबलो. बारवाल्या लिडियाने सगळ्या पत्तेवाल्यांसमोर विचारलं, सायकल आजारी आहे का, हाताला धरून गुरांच्या डॉक्टरकडे नेतोयस का. सगळे हसले. या गावाला विनोद कळत नाही.

संकल्प : रोज सान रोक्को. जूनपर्यंत न उतरता.

रविवार, १५ मे, सकाळी ८

आज ओरेस्तेला विचारणार. चर्च सुटल्यावर, पायरीवर. वाक्यं तयार आहेत. एक : ओरेस्ते, माझी मुलगी सायकलींचा धंदा करतेय. दोन : तुझ्या टेकडीवरून तिची वाट जाऊ दे. आवाज कोरडा ठेवायचा. कृपया वगैरे म्हणायचं नाही.

दुपारी १

विचारलं नाही. तो प्रार्थनेच्या मध्येच शिंकला. आजारी माणसाला कामाचं बोलू नये.

प्रार्थना संपल्यावर तो पायरीवर उगाच रेंगाळत होता. टोपी झटकत होता, त्या टोपीला काही लागलेलं नव्हतं. सगळे गेले तरी उभा. माझ्याकडे बघत होता. मला चिडवायला. मी बाजूच्या दाराने आलो.

नोएमीला सांगितलं, बोलणी चालू आहेत.

रविवार, २२ मे

चर्चला गेलो नाही. मोरचूद आणि चुना फवारला, वरच्या आठ ओळी. डेल्फीना म्हणाली, रविवारी फवारणी? म्हणालो, रोगाला वार कळत नाही.

ती एकटी गेली. ओरेस्तेने तिला माझ्याबद्दल विचारलं म्हणे, एवाझियोची तब्येत बरी आहे ना. चौकशा करतो. मुळात कपटी.

सान रोक्को : अजून मध्ये एकदा उतरावं लागतं. दोनदा. दोष गिअरचा.

गुरुवार, २ जून, संध्याकाळी

पहिली टोळी. सहा डच लोक. सगळ्यांच्या सायकलींना बॅटरी. मोटार लावलेली सायकल म्हणजे लाज सोडलेली सायकल. मी साधी घेतली, तत्त्व म्हणून. नोएमी जेवणाची तयारी करायला घरी थांबली. ते बरंच झालं.

त्यांची म्होरकी हानेके नावाची बाई, वय एकाहत्तर. इटालियन माझ्यापेक्षा शुद्ध बोलते, तेही चढावर. मला चढावर कुठलीच भाषा येत नव्हती.

हे लोक खिशातून चिकट रसाच्या पुड्या काढतात आणि चालवता चालवता पिळून तोंडात घालतात. मलाही एक दिली. चव : सरबतात भिजवलेला डिंक. अजून दातांत आहे.

जंगलात वाट फुटते तिथे डावीकडे वळलो. पूर्वी ती बरोबर होती. आता ती लिडियाच्या बहिणीच्या खुराड्यात निघते. कोंबड्यांना जेवढा त्रास झाला असं ती म्हणते, तेवढा झालेला नाही.

दुसऱ्या चढावर मध्येच माझी सायकल फार हलकी चालायला लागली. मनात म्हटलं, आला दम, कष्टाचं फळ. मागे बघितलं तर हानेकेबाईचा हात माझ्या पाठीवर. एका हाताने मला ढकलत होती, दुसऱ्या हाताने केळं खात होती. मी ढकलू दिलं. परक्या देशातली पाहुणी, तिचं मन का मोडा.

ओरेस्तेचं फाटक उघडंच होतं. मी थांबलो नाही. तो वेलीचे फुटवे तारेला बांधत होता. बायकांना बघून त्याने टोपी काढली. हानेके उतरून दहा मिनिटं त्याच्याशी बोलली, त्याने सगळ्यांना पाणी दिलं. मी वळणाच्या पुढे थांबून चेन तपासली. चेन चांगली होती. दहा मिनिटं तपासली.

रात्री जेवताना नोएमीला सांगितलं, परवानगी मिळाली. तिने विचारलं, काका तसं तोंडाने म्हणाले का? म्हटलं, पुरुषांमध्ये सगळं तोंडाने बोलत नाहीत, फाटक उघडं होतं यातच आलं. ती पुन्हा तशीच बघत राहिली. आईवर गेलीय.

सोमवार, २० जून

नकाशे छापून आले. तीन हजार. वाट लाल रंगात. लाल रेघ सान रोक्कोवरून उतरते आणि सरळ ओरेस्तेच्या छातीवरून जाते. मी तो नकाशा उलटा धरून पाहिला. तरी तिथूनच जाते.

आणखी एक. म्युनिकचा एक सायकलींचा क्लब चार सप्टेंबरला येतोय. चाळीस माणसं. आधी फेरी, मग आमच्या अंगणात जेवण. त्यांना आवडलं तर ते दर वर्षी येणार आणि नोएमीचा धंदा उभा राहणार. नाहीतर ती तोरिनोला परत जाणार. हे तिने भांडी पुसता पुसता सांगितलं, माझ्याकडे न बघता.

सकाळी मी बागेत जातो तेव्हा तिच्या खोलीची खिडकी उघडी दिसते. अकरा वर्षं बंद होती. हे इथे लिहिण्यासारखं नाही.

संकल्प : या आठवड्यात ओरेस्ते. नक्की.

मंगळवार, ५ जुलै

ऊन फार. भुरी रोगासाठी गंधक मारलं. या उन्हात कोणाशी महत्त्वाचं बोलू नये, माणसं लवकर भडकतात.

ओरेस्तेच्या फाटकाला साखळी लागली. नवी, जाड, वर कुलूप. लांबून दुर्बिणीने पाहिलं. हे माझ्यासाठीच आहे. दोन जूनचा राग महिनाभर पोटात ठेवून आता काढला. काय मनाचा माणूस.

नोएमीने स्वयंपाकघरात विचारलं, पप्पा, काकांशी शेवटचं कधी बोललात? म्हटलं, बोलणं होतच असतं.

नवी योजना आहे. ओरेस्तेच्या टेकडीच्या कडेने एक घळ उतरते. वडिलांच्या वेळी तिथून गाढवं जायची. जिथून गाढव जातं तिथून सायकल जाणारच. परवानगी नको, काही नको. शनिवारी जाऊन पाहतो. ओरेस्ते बसू दे साखळी धरून.

शनिवार, ९ जुलै

गाढवांची गोष्ट वेगळी होती.

घळीत आता काटेरी झुडपं आहेत, डोक्याइतकी उंच. वरून दिसत नाहीत. वरून नुसतं हिरवं दिसतं. मी वेगात होतो. नेमकं काय झालं ते सांगता येत नाही, पण शेवटी सायकल बाभळीसारख्या एका झाडावर होती आणि मी खाली, काट्यांत, पाय वर. शर्ट एकीकडे, मी दुसरीकडे. नाकावरून काहीतरी ओलं आणि अनेक पायांचं चालत गेलं. मी डोळे मिटून घेतले.

असा तासभर होतो. हाका मारल्या नाहीत. माणसाने आपली किंमत ठेवावी.

मग कुत्री आली. ब्रीना, ओरेस्तेची. तिच्यामागून ओरेस्ते, हातात छाटणीची कात्री. तो वरच्या कडेला उभा राहून बराच वेळ बघत होता. मग कुत्रीला म्हणाला, "ब्रीना, या गृहस्थाला विचार, हाडबीड मोडलंय का."

मी म्हणालो, "ब्रीना, त्याला सांग, सगळं ठीक आहे. मी इथे मुद्दाम थांबलोय."

"मग सांग त्याला, मुद्दाम थांबणाऱ्याचं डोकं वर असतं."

तो उतरला आणि काटे कापायला लागला. अर्धा तास लागला. मध्येमध्ये कुत्रीला सूचना. "आता डावा पाय, ब्रीना. डावा म्हण त्याला. हा उजवा झाला." कुत्री माझं तोंड चाटत होती. तिने त्याआधी काय खाल्लं होतं ते वासावरून कळत होतं. मला ढकलताही येईना, दोन्ही हात अडकलेले.

मी सुटलो. सायकल त्याने दोरी टाकून खाली घेतली. पाण्याची बाटली काढून आमच्या मधोमध जमिनीवर ठेवली आणि दुसरीकडे बघत म्हणाला, कुत्रीला तहान लागली असेल. कुत्री प्यायली नाही. मी प्यायलो.

तरी तो जाईना. दोरीची गुंडाळी केली, ती सोडली, पुन्हा केली. शेवटी म्हणाला, "ब्रीना, विचार त्याला, अजून काही बोलायचंय का."

मी कुत्रीकडे बघितलं. कुत्रीने माझ्याकडे.

"नाही, ब्रीना," मी म्हणालो.

तो टोपी घालून वर चढून गेला. मी दुसऱ्या बाजूने, लंगडत. परवानगी मागण्याची ही वेळ नव्हती. कुत्रीमार्फत मागितलेली परवानगी टिकत नाही.

रविवार, १० जुलै

अंगावर एकशे चार काटे. डेल्फीनाने मोजले. ती चिमट्याने काढत होती आणि प्रत्येक काट्याला एक प्रश्न. कुठून आले? कोणी सोडवलं? काय म्हणाला? मी म्हणालो, माझ्याशी काही बोलला नाही. हे खरंच आहे.

पडल्या पडल्या विचार केला. बांधाच्या दगडाचं नीट लिहून ठेवलेलं बरं. दगड सरकला तो नांगराने. नांगर माझा होता. पण ओरेस्ते तेव्हा शेजारी उभा राहून बघत होता, म्हणजे जबाबदारी दोघांची.

सोमवार, १५ ऑगस्ट

चर्चच्या सणाचं जेवण. उकाडा, माश्या, डेल्फीनाच्या जावेने आणलेला केक. केक घामेजला होता.

जेवणानंतर नोएमीने विचारलं, ओरेस्तेकाकांशी तुमचं नेमकं काय झालं होतं? म्हटलं, बांधाचा दगड. डेल्फीना म्हणाली, दगड भांडणाच्या दोन वर्षं आधी सरकला, आणि तो दोघांनी मिळून परत बसवला, खरं सांग. मग तिनेच सांगितलं. तिला सांगता येत नाही, नको तिथे हसते.

संघाच्या वार्षिक जेवणात मी माझ्या बार्बेरा द्राक्षांची वाईन नेली होती. ओरेस्तेने ऐंशी माणसांसमोर एक घोट घेतला आणि म्हणाला, सॅलडवर व्हिनेगर म्हणून घालायला अव्वल. सगळे हसले. डेल्फीनासुद्धा हसली. मी बाटल्या उचलल्या आणि निघून आलो.

नोएमी म्हणाली, एवढंच? मी म्हटलं, तुला ऐंशी माणसं हसली म्हणजे काय ते माहीत नाही. आणि उठून बागेत गेलो. बागेत काही काम नव्हतं. घड बघितले. चांगले भरलेत.

रविवार, २८ ऑगस्ट

सात दिवस राहिले. तोंडाने बोलणं होत नाही, तर पत्र. तीन खर्डे केले. पहिला उद्धट झाला, दुसऱ्यात रडका सूर आला. तिसरा बरा : दोन वाक्यं आणि सही. दुपारी सगळं गाव झोपलेलं असताना ओरेस्तेच्या टपालपेटीत टाकून आलो. काम झालं. एवढं सोपं होतं. मे महिन्यातच करायला हवं होतं, पण घाई केली असती तर असं नेटकं पत्र झालं नसतं.

सोमवार, २९ ऑगस्ट

पत्र या वहीत सापडलं.

मग पेटीत काय टाकलं? सगळे खिसे पाहिले. डॉक्टरांची चिठ्ठी तेवढी नाही. सायकलच्या सीटवर घासून घासून झालेल्या फोडांसाठी दिलेली, जागा स्पष्ट लिहिलेली, अक्षर कधी नव्हे ते सुवाच्य.

बुधवार, ३१ ऑगस्ट

ओरेस्तेने औषधाच्या दुकानातून मलम आणून डेल्फीनाकडे दिलं. सोबत निरोप : दिवसातून दोनदा, पातळ थर.

यापुढे या माणसाच्या नजरेला नजर कशी द्यायची? मलम पांढरं आहे. वास माशासारखा. गुण येतो, हे आणखी वाईट.

शनिवार, ३ सप्टेंबर, संध्याकाळी

सांगून टाकलं. दुसरा मार्ग नव्हता. उद्या चाळीस जर्मन त्या साखळीवर जाऊन आदळणार.

नोएमी अंगणात बाकांवर चादरी अंथरत होती. मी म्हटलं, परवानगी नाही. कधीच नव्हती. मी त्याला विचारलंच नाही. मे महिन्यापासून खोटं बोलतोय. हे सगळं चादरीकडे बघत बोललो. चौकटीची चादर आहे, निळी.

तिने हातातली घडी खाली ठेवली. "पप्पा, ओरेस्तेकाकांनी एप्रिलमध्येच हो म्हटलंय. सायकली यायच्या आधी."

मी विचारलं, मग साखळी?

"मोटारसायकलवाले बाग तुडवत होते, त्यांच्यासाठी. आपली किल्ली जुलैपासून स्वयंपाकघरात टांगलीय. घड्याळाखाली."

ती किल्ली मी रोज बघत होतो. मला वाटलं मीटरच्या पेटीची.

"मग मला का सांगितलं नाहीस?"

"तुम्ही म्हणालात, दोन वाक्यांचं काम आहे," ती म्हणाली. "आईला वाटलं, होऊ देत दोन वाक्यं. काकांनाही तसंच वाटत होतं."

मला फार राग आला. सगळ्यांचा. उन्हाळाभर अख्खं घर, शेजारी आणि कुत्री मिळून माझ्याकडे बघत बसली. मी गोठ्यात जाऊन बसलो. रबराचा वास. नंतर नोएमी येऊन शेजारी बसली. तिच्या हाताला साबणाचा वास होता.

उद्या सगळ्यांत पुढे मी असणार. निदान तेवढं.

रविवार, ४ सप्टेंबर, रात्री जेवणानंतर

नीट लिहितो.

नऊ वाजता निघालो, मी पुढे. अंगणातून रस्त्यापर्यंत मीच पुढे होतो, हे चाळीस माणसांनी पाहिलंय. नंतर सान रोक्कोचा चढ लागला. एकेक जण बाजूने गेला, आणि प्रत्येकाने अदबीने नमस्कार केला. चाळीस नमस्कार. प्रत्येकाला उत्तर द्यायचं, आणि दम नाही. अठराव्यानंतर मी नुसती मान हलवली. तिसाव्यानंतर मान आपोआप हलत होती. एक जण थांबून म्हणाला, आजोबा, पाणी हवं का. मी आजोबा नाही. पाणी घेतलं.

देवळापाशी पोहोचलो तेव्हा कोणी नव्हतं. धूळ होती, ती घशात गेली. जंगलातल्या उतारावर दोनदा पडलो, तिसऱ्यांदा पडायच्या आधी स्वतःच उतरलो. पुढे सायकल धरून चाललो. या वेळी पानं बघितली नाहीत.

फाटक सताड उघडं होतं. साखळी खांबाला गुंडाळलेली. ओरेस्ते द्राक्षाच्या उलट्या क्रेटवर बसला होता, पायाशी ब्रीना. दुसरं कोणी नाही. जमिनीवर टायरांच्या रेघा. मला बघून तो उठला. म्हातारा झालाय. दुर्बिणीतून कळत नव्हतं.

मे महिन्यापासून तयार असलेली वाक्यं आठवली नाहीत. मी म्हणालो, "ओरेस्ते, तुझ्या टेकडीवरून जाऊ का?"

"चाळीस जण जाऊन पाऊण तास झाला."

"मी माझं विचारतोय."

त्याने टोपी काढली, आत बघितलं, परत घातली. "मग जा की. मी फाटक कोणासाठी उघडं ठेवून बसलोय?"

मी आत आलो. त्याने फाटक लावलं, साखळी घातली. सायकलचं एक हँडल मी धरलं होतं, दुसरं त्याने धरलं, आणि आम्ही ओळींच्या मधून चालत निघालो. त्याच्या घडांना भुरी अजिबात नाही. कसं जमवतो कोण जाणे. विहिरीपर्यंत आल्यावर मी म्हणालो, "ती वाईन आंबलीच होती."

"माहीत आहे," तो म्हणाला. "तरी मी दोन ग्लास प्यायलो होतो. तू बघायला थांबलाच नाहीस."

अंगणात पोहोचलो तेव्हा जर्मन जेवून गात होते. गाणं भयंकर होतं. आमच्यासाठी डेल्फीनाने दोन ताटं झाकून ठेवली होती. शेजारीशेजारी. तिला आधीच माहीत होतं, किंवा तिने प्रत्येक टोळीच्या जेवणाला तशी ठेवली होती. विचारलं नाही.

सोमवार, १९ सप्टेंबर

बार्बेराची तोडणी सुरू. पहिल्या सहा ओळी झाल्या. माल उत्तम.

म्युनिकवाले पुढच्या वर्षी पंचावन्न येणार. नोएमी राहतेय. तिने आस्तीहून तेक्ला नावाची वाटाडी ठेवलीय, वय सव्वीस, सान रोक्को गाणी म्हणत चढते. बघवत नाही. माझी सायकल भाड्याने गेली. एका बेल्जियन माणसाने आणून देताना सांगितलं, ब्रेक फारच छान आहेत. मी ऐकून घेतलं.

ओरेस्ते सकाळी सातला आला, स्वतःची कात्री घेऊन. बोलावलं नव्हतं. माझ्यासमोरची ओळ धरली आणि बोलायला लागला. गुडघा. अलेस्सांद्रिया शहरातली बहीण. तिच्या नवऱ्याचा गुडघा. संघाचा जुना चिटणीस कसा मेला. सूपमध्ये कांदा आधी की गाजर आधी. तोंडात घास असतानाही बोलतो, कण उडतात. मी विसरलो होतो. हा माणूस असाच होता, लहानपणापासून, शाळेच्या चार किलोमीटरभर. एकोणीस वर्षं किती शांतता होती या बागेत, पाखरं ऐकू यायची.

मला वाटलं, गडबडीत काहीबाही सांगतोय. तसं नाही. मी नसताना जे जे घडलं ते सगळं तो क्रमाने सांगतोय, वर्षावार. आज अंधार पडेपर्यंत एकोणिसातली दोन वर्षं संपली.

उद्या लवकर येतो म्हणाला.